काजळी

दिवाळीला आठ दिवस उरले की आमच्या घरात माणसांना बसायला जागा राहत नाही. माळ्यावरची भांडी खाली येतात, गाद्या अंगणात जातात, पुस्तके पलंगावर आणि पलंग व्हरांड्यात, अशी सगळ्यांचीच बदली होते. पदर खोचून आणि डोक्याला फडके बांधून सौ. एकदा उभी राहिली की तिच्या तडाख्यातून काही सुटत नाही. मागे एकदा माझ्या अपुऱ्या कादंबरीची पाने तिने चकलीच्या डब्याखाली घालायला घेतली होती. पुढे ती कादंबरी पुरी झाली, तेव्हा तिचा अंदाज फारसा चुकला नव्हता असे मलाही वाटले.

या सफाईतून गेली तीन वर्षे एकच वस्तू सुटत आली आहे. बाहेरच्या खोलीतल्या फळीवर सुमारे अडीच फूट लांबीचे एक आगगाडीचे इंजिन उभे आहे. ते काळे आहे. पण चकचकीत काळे नव्हे, तर वापरलेल्या तव्यासारखे काळे. पोटावरून पांढुरके ओघळ उतरले आहेत, चाकांवर तेलकट धूळ बसली आहे, आणि धुराड्यामागचा सगळा भाग असा काजळला आहे की फराळाला आलेल्या एखाद्या मावशींना राहवत नाही. त्यांच्या पदराचे टोक पुढे होते न होते तोच आतून सौ. ओरडते, "अहो, नको, नको! ती धूळ काढलेली आहे!"

काढलेली धूळ समोर कशी दिसते, हा प्रश्न सुटेपर्यंत मावशींचा चहा निवतो. मग त्यांना समजावून सांगावे लागते की 'काढलेली' म्हणजे चित्र काढतात तशी, कुंचल्याने काढलेली. मावशी मान डोलावतात. पण त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेले मला वाचता येते: मास्तर आहेत, शिवाय लिहितातही, चालायचेच!

मी शाळेत चित्रकला शिकवतो. माझी पुस्तकी विद्या मॅट्रिकशी थांबली. पुढची वाट मी रंगाच्या पेटीवर काढली. तेव्हा रंग लावणे हा माझा धंदाच. पण स्वच्छ वस्तू हौसेने मळवायला मला कोणी शिकवले, ही गोष्ट थोडी निराळी आहे.

माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, दौंडच्या लोको शेडमध्ये फायरमन होते. दौंड–मनमाड मार्गावर मालगाड्या ओढणाऱ्या 'डब्ल्यूजी' जातीच्या इंजिनावर त्यांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे गेली. पुढे दोन, मध्ये आठ आणि मागे दोन अशा बारा चाकांचे ते दणकट जनावर. या जातीची पहिली इंजिने ग्लासगोहून आली. पुढे पश्चिम बंगालमधल्या चित्तरंजनच्या कारखान्यात ती होऊ लागली. त्या कारखान्याचे पहिले इंजिन १९५० साली बाहेर पडले, त्याचे नाव 'देशबंधु'. आणि १९७० साली या जातीचे शेवटचे इंजिन बाहेर पडले, त्याचे नाव 'अंतिम सितारा'. मधल्या वीस वर्षांत २,४५० डब्ल्यूजी इंजिने झाली. म्हणजे देशातल्या कोणत्याही मोठ्या स्टेशनावर उभे राहिले, की त्यांतले एखादे तरी दृष्टीस पडायचेच. वाफेच्या या साऱ्या संसाराचा ब्रॉडगेजवरचा शेवट १९९५ च्या डिसेंबरात झाला. त्याच्या बऱ्याच आधी अण्णांना डिझेलवर घेतले होते. तिथे पगार वाढला, कपडे स्वच्छ राहू लागले, आणि अण्णांचे बोलणे कमी झाले.

अण्णांची पंचाहत्तरी जवळ आली तेव्हा त्यांना काय द्यावे, हा प्रश्न पडला. शाल त्यांना टोचते आणि सत्कार त्याहून टोचतो. त्या सुमारास मी शाळेची मुले घेऊन पुण्याला गेलो होतो. कोथरूडला जोश्यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय आहे, १९९८ साली उघडलेले. तिथे इवल्याशा गाड्या इवल्याशा गावातून धावताना पाहून मुले जितकी हरखली, तितकाच मीही हरखलो. परतीच्या प्रवासात मी ठरवून टाकले की अण्णांना त्यांचे इंजिन करून द्यायचे.

बत्तीसास एक असे प्रमाण मी धरले. या इंजिनाच्या मोठ्या चाकाचा व्यास ५ फूट दीड इंच. बत्तीसाने भागला की जेमतेम दोन इंच उरतो. बॉयलरसाठी नळकामाचा दोन इंची प्लॅस्टिकचा पाइप मिळाला. चाके लेथवाल्याने कातून दिली. बाकीचा देह पुठ्ठा, पितळी तार आणि पत्रा यांचा. पत्र्याच्या जोडावर रिव्हेटांच्या रांगा असतात. त्यासाठी टाचणीच्या टोकाने फेव्हिकॉलचे ठिपके देत मी सबंध मे महिना घालवला. सात महिन्यांनी इंजिन उभे राहिले. काळाभोर चकचकीत रंग, लाल पट्टी, घासून लखलखीत केलेले पितळ! इंजिनाचा नंबर मी सौ.कडून काढून घेतला होता. अण्णांना तो माझ्या जन्मतारखेपेक्षा पक्का पाठ आहे, असे ती नेहमी म्हणते.

पंचाहत्तरीच्या दिवशी ओवाळून झाल्यावर मी वरचे कापड दूर केले. अण्णांनी चष्मा लावला. चाके मोजली. कॅबच्या खिडकीला डोळा लावून आत पाहिले. सारे घर त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. शेवटी ते म्हणाले, "छान केलंस. मेहनत दिसते." आणि थोडे थांबून, "पण हे अजून शेडबाहेर पडलेलं नाही."

खोटे कशाला बोलू? मला राग आला. सात महिन्यांच्या डोळेफोडीवर हा शेरा! पण चित्रकलेच्या मास्तराला एक खोड असते. शेरा लागला की तो चित्राकडे पुन्हा पाहतो. रात्री मी इंजिनाकडे पुन्हा पाहिले, आणि अण्णांचे म्हणणे पटले. ते इंजिन नव्हते. इंजिनाचा लग्नातला फोटो होता.

लहान इंजिने करण्याच्या छंदात परदेशी लोक, त्यातही इंग्रज, फार पुढे गेलेले आहेत. त्यांचे नुसते करण्यावर समाधान होत नाही. केलेले इंजिन ते ऊन, पाऊस, धूर आणि वय यांच्या हवाली केल्यासारखे रंगवतात. त्यामागे त्यांचा इतिहासही आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडच्या शेडमध्ये इंजिने पुसण्याच्या कामाला माणसे मिळेनाशी झाली. जास्त पगाराची आणि कमी काजळीची कामे मिळत असताना या कामाला यावे कोणी? १९६८ च्या ऑगस्टात तिथल्या राष्ट्रीय रेल्वेने मुख्य मार्गांवरची वाफेची गाडी बंद केली. तोवर पुष्कळशी इंजिने इतकी मळली होती की मूळचा रंग ओळखू येत नसे. तेव्हा त्या काळचे स्वच्छ इंजिन करणे म्हणजे इतिहासात खोटी साक्ष देण्यासारखेच.

मी तिकडची छायाचित्रे पाहिली आणि कामाला लागलो. सुट्टीच्या दोन दिवसांत इंजिनावर भरपूर नारिंगी गंज चढवला, आणि त्यावर मनसोक्त काळे फासून ते अण्णांपुढे ठेवले.

"याला काय झालं?" अण्णांनी विचारले.

"गंजलंय. जुनं दिसावं म्हणून."

"जुनं दिसतंय, पण ते आपलं नाही. आपल्याकडे एवढा गंज कुठला? चार महिने पाऊस, आठ महिने धूळ. नगर सोडलं की पार कोपरगावपर्यंत काळ्या रानातली धूळ खात जायचं." मग त्यांनी बॉयलरवर बोट ठेवले. "आणि हा ओघळ इथं कसा? याच्यावर गळायला काही आहे का? उगाच कुठून गळेल?"

त्या एका प्रश्नाने माझा सबंध गैरसमज उघडा पाडला. मळ म्हणजे सगळीकडे सारखे फासायचे काहीतरी, असे मी समजून चाललो होतो. प्रत्येक डागाला उगम असतो, आणि तो माहीत नसेल तर डाग काढू नये, हे मला ठाऊकच नव्हते.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आमची शाळा भरू लागली. अण्णा आरामखुर्चीत, मी जमिनीवर, मध्ये स्टुलावर इंजिन. मास्तर मी नव्हतो.

पहिला धडा पांढऱ्या ओघळांचा. दख्खनचे पाणी जड, क्षारांचे. बॉयलरमध्ये त्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात, म्हणून ठरावीक दिवसांनी बॉयलर आतून धुवावा लागतो. त्यासाठी अंगावर जागोजाग पेचाची बुचे असतात. एखादे बूच जरा झिजले की तिथून थेंब थेंब पाझरतो, तापलेल्या पत्र्यावर सुकतो आणि चुन्यासारखी रेघ मागे ठेवतो. "रेघ बुचापासूनच निघाली पाहिजे," अण्णा म्हणाले, "आणि खाली जाईल तशी विरली पाहिजे." मी पांढऱ्या रंगात जरा मातकट मिसळून, ओल्या कुंचल्याने तो खाली ओढला. अण्णांनी मान हलवली. ती होकारार्थी होती, हे कळायला मला थोडा वेळ लागला.

मग धुराड्याची पाळी. धुराड्याखालच्या भागात बॉयलरमधून आलेला जळता धूर आणि निखाऱ्यांचा चुरा साठतो. तिथला रंग आतल्या आचेने करपतो, म्हणून तो भाग बॉयलरपेक्षा फिका आणि राखट दिसतो. शेडमध्ये पुढचे गोल दार उघडून राख ओढतात, ती खाली बफरच्या पट्टीवर सांडते. चाकांजवळचा तपकिरी रंग गंजाचा नसतो. ब्रेकचे लोखंडी ठोकळे चाकावर घासून जो भुगा उडतो, त्याचा असतो. दांड्यांच्या सांध्याशी ताजे तेल असते, तिथे काळे चकाकते. जरा दूर तेलावर धूळ बसून त्याचा लेप होतो. टेंडरच्या माथ्यावर पाण्याच्या तोंडाभोवती पत्रा धुतलेला दिसतो, कारण स्टेशनातल्या सोंडेसारख्या नळाने पाणी भरताना ते नेहमी थोडे उतू जाते.

माझ्या बाजूने मीही दोनचार गोष्टी मिळवल्या. सातवीच्या मुलांना मी दरवर्षी शिकवतो की दूरचा डोंगर निळसर दिसतो, कारण मध्ये हवा असते. लहान इंजिन म्हणजे दुरून पाहिलेले मोठे इंजिनच. तेव्हा त्याला निव्वळ काळा रंग दिला की ते खेळणे होते. मी काळ्यात करडा मिसळला, आणि इंजिन एकदम जड दिसू लागले. रंगीत खडू सुरीने खरवडून त्याची पूड मऊ कुंचल्याने चोळली की धूळ हुबेहूब बसते. मात्र वर पातळ रोगण मारले की निम्मी धूळ नाहीशी होते, म्हणून ती आधीच दुप्पट चढवावी लागते. संसारातल्या कुरबुरींचे नेमके याच्या उलट असते, असे सौ.चे मत पडले.

टेंडरमध्ये मी इस्त्रीवाल्याकडचा कोळसा बारीक करून भरला होता. अण्णांनी तो बघताक्षणी ओळखला. "हा लाकडाचा कोळसा. यानं दौंडहून पाटससुद्धा गाठता येणार नाही." दुसऱ्या दिवशी मी एका वीटभट्टीवरून दगडी कोळशाचा ढेकूळ वर्तमानपत्रात गुंडाळून आणला आणि सौ. देवळात गेलेली पाहून तिच्या खलबत्त्यात कुटला. त्या प्रकरणाचा निकाल येथे देत नाही. पण कोळसा मात्र असा चमकला की अण्णांनी दोन कण उचलून हातात घेतले, आणि नंतर किती तरी वेळ ते हातातच होते.

त्या दिवशी ते फायरबॉक्सविषयी बोलले. डब्ल्यूजीच्या जाळीचे क्षेत्रफळ ४६ चौरस फूट. आमच्या क्वार्टरमधली न्हाणी त्याहून लहान होती. गाडीवर एक ड्रायव्हर आणि दोन फायरमन. दुसऱ्या फायरमनने ढेकळे फोडून कोळसा पुढे ओढायचा, पहिल्याने फावड्याने तो आगीत पसरायचा; नुसता टाकायचा नाही, कोपऱ्याकोपऱ्यांत बेताने पसरायचा. दाब २१० पौंडांच्या जवळ राखायचा. हात थांबला की काटा उतरलाच. उन्हाळ्यात मागून आग आणि बाहेरून लू. "आणि कोळशाची पूड?" मी विचारले. "ती काय, सगळीकडेच जायची," अण्णा म्हणाले आणि चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. सवयीने पुसले असतील. पण मला एकदम त्यांचे तेव्हाचे डोळे दिसले.

दगडी कोळशावर काम करणाऱ्याने कितीही अंग घासले तरी एक जागा निघत नाही: पापण्यांची कड. न्हाऊन, पांढरा सदरा घालून अण्णा बाहेर आले तरी त्यांच्या डोळ्यांना काजळ घातल्यासारखी काळी रेघ राही. मी चौथीत असताना शाळेत चित्रकलेचे बक्षीस मिळाले, त्या समारंभाला ते रात्रपाळी करून आले होते. न झोपता, न्हाऊन, इस्त्रीचे कपडे घालून मागच्या भिंतीशी उभे होते. माझ्या शेजारच्या मुलाने विचारले, "तो काजळ घातलेला माणूस कोण रे?" सगळी रांग खुसखुसली.

मी म्हणालो, "आमच्या शेजारचे आहेत."

तोपर्यंत अण्णा भिंतीपासून आमच्या रांगेमागे येऊन उभे राहिले होते, हे मला मागाहून दिसले. त्यांनी ऐकले की नाही, ते मला कधी कळले नाही. बक्षीस घेताना त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि घरी जाऊन ते झोपले. त्यानंतर मी कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत खोटे बोलणारी माणसे पुष्कळ रंगवली. हे एक वाक्य मात्र कोणत्याही पात्राच्या तोंडी घालायचे मला धैर्य झाले नाही.

इंजिनाचे काम संपत आले होते. कॅबच्या पायऱ्या आणि चढताना धरायचा उभा दांडा, एवढेच राहिले होते. मी दांड्याला काळा रंग देऊ लागलो तसे अण्णा म्हणाले, "तिथं नको. तिथं काळं राहत नाही. तिथं आमचा हात."

"किती उंचीवर?"

अण्णा खुर्चीतून उठले. त्यांनी डोळे मिटले, डावा पाय जरा उचलला, आणि हवेत एका विशिष्ट जागी मूठ आवळली. "इथं," ते म्हणाले. पस्तीस वर्षे तो दांडा त्या हाताखाली नव्हता. पण मूठ चुकली नाही. मी खालून ती उंची डोळ्यांत धरली, बत्तीसाने भागली, आणि मऊ शिशाची पेन्सिल घेऊन दांड्याचा तेवढा भाग घासू लागलो. शिसे घासले की रंगाखालून उघड्या लोखंडाची झळाळी येते. साऱ्या इंजिनावर तेवढी एकच जागा माणसाने चकचकीत केलेली होती.

मान वर न करताच मी म्हणालो, "अण्णा, चौथीत असताना बक्षीस समारंभाला तुम्ही आला होता, तेव्हा मी..."

"शेजारचे म्हणालास."

पेन्सिल थांबली. बाहेर दूधवाल्याची सायकल वाजली.

"खोटं काय होतं त्यात?" अण्णा खुर्चीत बसत म्हणाले. "चार दिवसांतून एकदा घरी यायचो, तेही झोपायला. शेजारी याहून जास्त दिसतो." मग पुढे वाकून त्यांनी दांड्याकडे पाहिले. "शिसं जरा जास्त झालंय. बोटानं पूस."

मी बोटाने पुसले.

अण्णांनी मला क्षमा केली, असे मी म्हणत नाही. त्यांना त्या दिवशी लागले नव्हते, असेही ते म्हणाले नाहीत. त्यांनी तो डाग कुठून आला, तेवढे सांगितले. जितकी वर्षे तो मी एकट्याने लपवून ठेवला होता, तितकी वर्षे तो मला सगळ्या आयुष्यावर फासल्यासारखा वाटत होता. उगम कळल्यावर ती एक रेघ झाली; आहे तिथेच आहे, पण बुचापासून निघते आणि खाली विरते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी इंजिन खिडकीत उजेडाला नेऊन पाहिले. शेडमध्ये खंडेनवमीला इंजिनांची पूजा होई. ती घासूनपुसून लखलखीत करीत, झेंडूचे हार घालीत, नारळ फोडीत. वर्षातून तेवढा एकच दिवस. "तुझं पहिलं इंजिन खंडेनवमीचं होतं," अण्णा म्हणाले. "हे सोमवारचं झालं." माझ्या एकाही पुस्तकावर इतका चांगला अभिप्राय आलेला नाही.

गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाला धाकटीने हौसेने त्या फळीवर, इंजिनाच्या शेजारी एक पणती लावून ठेवली. सकाळी पाहतो तो मागच्या भिंतीवर काजळीचा हातभर लांब पट्टा उमटलेला. नुकताच रंग दिलेली भिंत! सौ. फडके घेऊन आली आणि दचकून थांबली. या घरात काळे काही दिसले की आधी विचारायचे, अशी तिला आता सवय लागली आहे.

"ही पुसायची की ठेवायची?" तिने अण्णांना विचारले.

अण्णांनी चष्मा लावला, भिंतीजवळ जाऊन ती काजळी वरपासून खालपर्यंत नीट तपासली, आणि म्हणाले, "पुसून टाक. ही खरी आहे."